लावरीनं मांडली थव्याची बाजू

त्या राज्याला राजा नव्हता. पूर्वी होता, एक ससाणा. तो फार उंचावर घिरट्या घालायचा आणि त्याची सावली ज्याच्यावर पडे त्याचा संसार तिथंच संपे. मग एका सकाळी सगळी पाखरं एकदम उडाली. इतकी उडाली की ऊन झाकलं गेलं, आणि ससाणा डोंगरापलीकडे निघून गेला.

तेव्हापासून त्या राज्यात सगळं पंख उघडून ठरायचं. आधी ‘हो’ म्हणणाऱ्यांनी उघडायचे, मग ‘नको’ म्हणणाऱ्यांनी. ज्यांचे पंख जास्त, त्यांचं खरं. तळ्यावरचा पाणकावळा दिवसभर पंख वाळवतच बसलेला असे, म्हणून तो दोन्ही वेळा मोजला जाई. पण एवढ्यातेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. पाखरं सुखी होती.

माळाच्या टोकाला पायऱ्यांची विहीर होती आणि विहिरीत तीन कासवं होती. त्यांना कुणी पंख उघडून निवडलेलं नव्हतं. पण ससाणा गेल्यावर जाणत्या पाखरांनीच त्यांच्याशी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. उद्या आपणच सगळे मिळून एखाद्याच्या जिवावर उठलो, तर तुम्ही ‘थांबा’ म्हणायचं आणि आम्ही थांबायचं. का थांबायचं? कासवांना उडता येत नव्हतं. त्यांना कुणाला टोचता येत नव्हतं. जरा आरडाओरडा झाला की ती स्वतःच मान आत ओढून घेत. तरी थांबायचं. आजवर पाखरं थांबत आली होती. एकच अडचण होती. ज्या जागेबद्दल बोलायचं, त्या जागेवर पोचूनच ‘थांबा’ म्हणायचं असा नेम होता, आणि कासवं कासवांच्याच चालीनं येत.

त्या वर्षी साळुंकीबाईंच्या मनात आलं, की ससाणा गेल्याचा उत्सव सगळ्यांनी मिळून करावा. एरवी जो तो आपापल्या झाडावर करायचा. यंदा पौर्णिमेला माळावरचं सगळं गवत उपटून जागा मोकळी करावी आणि राज्यातल्या एकूण एक पाखरानं तिथं एकदम उतरावं. “किती शोभा येईल!” त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. वर्षभर त्या असं काही ना काही आरंभत, आणि त्यातलं निम्मं तडीसही नेत.

‘हो’वाल्यांनी फडफड करत पंख उघडले. मग ‘नको’वाल्यांना पुकारलं. माळावर गवतात एक लावरी होती. तिनं आपले पंख अगदी ताणून उघडले, पण पंख ते केवढे आणि गवत ते केवढं! कुणाला दिसलेच नाहीत. साळुंकीबाई म्हणाल्या, “पाणकावळा सोडला तर विरोधात कुणीच नाही. काय एकी आहे आपल्यात!”

लावरी गप्प राहिली. त्याच गवतात तिची अंडी होती. ओरडून सांगावं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, “कुठं?” आणि शेजारीच कावळा बसला होता. कावळ्याला अंडी आवडतात हे राज्यात कुणाला माहीत नव्हतं? गप्प राहावं तर पौर्णिमेला सगळा थवा अंड्यांवर उतरणार, आणि बोलावं तर पौर्णिमेपर्यंतही अंडी उरणार नाहीत. पिल्लं बाहेर यायची ती त्याच सुमारास. घरटं उचलून दुसरीकडे न्यावं, तर अंडी काही पिशवीत भरून नेता येत नाहीत.

ती विहिरीवर गेली. कासवं अंडी खात नाहीत, म्हणून त्यांना तिनं सगळं सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं. तिघांनीही मान आत घेतली. लावरीला वाटलं, झालं, झोपली. पण बऱ्याच वेळानं थोरल्या कासवानं मान बाहेर काढली.

“बाळ, तुझं म्हणणं बरोबर आहे. आम्ही निघालो.”

“पौर्णिमेपर्यंत पोचाल?”

“निघालो आहोत,” कासव म्हणालं आणि एक पायरी चढलं. मग दम खात म्हणालं, “तोवर तू भारद्वाजमास्तरांच्या वर्गात जाऊन बस. यंदा त्यांनी आमचाच विषय घेतलाय म्हणे. पंखांनी ठरलेलं कासवांनी थांबवावं का, असा.”

“तिथं निकाल लागतो?”

“छे. तिथं काहीच लागत नाही. पण जा तू.”

भारद्वाजमास्तरांचा वर्ग बांधावरच्या बाभळीखाली भरे. भारद्वाज सकाळी दिसला की दिवस चांगला जातो, असं सगळे मानत. त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गाला तोबा गर्दी झाली. सगळ्यांनी मास्तरांना डोळे भरून पाहिलं आणि निम्म्याहून अधिक जण तसेच कामाला निघून गेले. मग मास्तर म्हणाले, “मी उत्तरं देणार नाही, फक्त विचारणार,” आणि उरलेलेही उठले. शेवटी चौघे राहिले. कावळा राहिला, कारण त्याला बोलायला आवडायचं. पोपट राहिला, कारण कासवांनी आजवर जे जे सांगितलं ते सगळं त्याला पाठ होतं. साळुंकीबाई राहिल्या, कारण ज्यात त्या नाहीत असं राज्यात काही नव्हतंच. आणि मागच्या बाजूला, बांधाच्या आडोशाला, लावरी.

मास्तरांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. एका चातुर्मासात त्यांनी अंडी सोडली होती. लोक चातुर्मासात काही ना काही सोडतात आणि कार्तिकात पुन्हा धरतात. मास्तरांनी धरायचं मनावरच घेतलं नाही. लावरीला हे ठाऊक होतं, म्हणून तर तिचा पाय वर्गात टिकला.

मास्तरांनी प्रत्येकाच्या चोचीत तांदळाचा एकेक दाणा दिला. म्हणाले, “व्रताची कहाणी ऐकताना हातात अक्षता धरतात ना, तसं. दाणा चोचीत आहे तोवर ऐकायचं. बोलायचं झालं, की ज्याला उत्तर देताय त्याच्यापुढं दाणा ठेवायचा. आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. ते ऐकून तो ‘हं, असंच’ म्हणाला, तरच आपलं म्हणणं मांडायचं. आणि दाणा गिळायचा नाही.”

आता पाखरांना सांगायचं, की दाणा चोचीत धरा आणि गिळू नका! पहिल्याच प्रश्नाला कावळ्यानं दाणा गिळला. साळुंकीबाईंनी बघता बघता गिळला आणि म्हणाल्या, “अगंबाई, गेला वाटतं.” पोपटानं आधी सोलला, मग गिळला. मग तिघे एकदम बोलू लागले आणि कुणी कुणाचं ऐकेना.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी आणखी दाणे आणले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी कावळा म्हणाला, “मास्तर, खडा द्या की हो! खडा धरतो मी दिवसभर.”

“खडा कुणीही धरील,” मास्तर म्हणाले. “गिळता येतो तोच धरायचा.”

संध्याकाळी लावरी घरट्यावर परतली की तिचा नवरा अंड्यांवरून उठून पाय मोकळे करी. “काय शिकवलं आज?” तो विचारी.

“कावळेभाऊंनी चार वेळा दाणा गिळला.”

“आणि अंड्यांचं काय?”

“त्याचं अजून काही निघालं नाही.”

“वर्गात नुसतंच गप्प बसायचं, तर इथं काय वाईट होतं? मला तेवढीच सोबत झाली असती,” नवरा म्हणे. त्याचंही खोटं नव्हतं. माळावरचं गवत कडेकडेनं उपटायला सुरुवात झाली होती आणि रोज वारा जरा जास्त जवळून लागत होता.

वर्ग मात्र हळूहळू जमत गेला. दाणे पोटात जायचे कमी झाले. कावळ्याचं म्हणणं ठाम होतं. तो म्हणे, “आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि विहिरीतलं एक कासव येऊन म्हणणार ‘थांबा’? कोण बुवा तुम्ही? कुणी नेमलं तुम्हाला?” पोपट त्यावर कासवांचे जुने निवाडे घडाघडा म्हणून दाखवी. मास्तर विचारत, “पोपटराव, हे का सांगितलं असेल कासवांनी?” पोपट पुन्हा तोच निवाडा पहिल्यापासून म्हणे, जरा मोठ्यानं.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा मास्तरांनी नवंच काढलं. म्हणाले, “आता बाजू बदलायच्या. कावळोबा, तुम्ही कासवांच्या बाजूनं बोला.”

“मी? आणि त्या खापरांच्या बाजूनं?”

“आणि थव्याच्या बाजूनं…” मास्तरांनी मागं पाहिलं. “लावरीबाई, तुम्ही.”

साळुंकीबाई हळूच पोपटाला म्हणाल्या, “ती कसली बोलतेय! तिचा आवाज तरी ऐकलाय का कुणी?”

लावरीला वाटलं, उठून जावं. ज्या थव्याखाली आपली अंडी चिरडायची, त्याचीच बाजू घ्यायची? पण इतके दिवस दाणा धरून तिनं ज्याचं त्याचं म्हणणं मनात जपून ठेवलं होतं. ती पुढं आली. दाणा कावळ्यापुढं ठेवला आणि बारीक आवाजात बोलू लागली.

“कावळेभाऊ, तुम्ही आज कासवांचे. तुमचं म्हणणं असं, की थवा मोठा आहे म्हणून तो चुकतच नाही असं नाही. असंच ना?”

कावळ्याला आपलं म्हणणं हेच आहे, हे तेव्हाच कळलं. “हं, असंच,” तो म्हणाला.

“तर मी थव्याची. मला ससाण्याची भीती वाटते. ससाणाही एकटाच होता. तोही उंचावरून सगळ्यांना म्हणायचा, मला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. आम्ही सगळ्यांनी मिळून उडायला किती पिढ्या लावल्या! उडालो त्या दिवशी माझ्या आजीच्या आजीला पहिल्यांदा कळलं, की आपले पंख मोजले जातात. कासवं चांगली आहेत. पण उद्या विहिरीत वाईट कासव निघालं तर? त्याला कोण थांबवणार? आम्ही थवा आहोत म्हणून दुष्ट नाही, कावळेभाऊ. आम्ही घाबरलेले आहोत. पुन्हा एकाच्या सावलीखाली जगायचं नाही, एवढंच आमचं म्हणणं.”

साळुंकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस कावळा तेच ओरडून सांगत होता, पण ते इतकं खरं आहे हे कुणाला वाटलं नव्हतं. कावळ्यालाही नाही.

आता पाळी त्याची होती. त्यानं आपला दाणा लावरीपुढं ठेवला, जरा रेंगाळत ठेवला पण ठेवला. तिचं म्हणणं नीट सांगितलं. ती म्हणाली, “हं, असंच,” आणि नेमाप्रमाणे नवा दाणा चोचीत धरून ऐकू लागली.

कावळा घसा खाकरून म्हणाला, “भीती खरी आहे. पण… पण समजा…” त्याला काही सुचेना. कासवांच्या बाजूनं त्यानं कधी विचारच केला नव्हता. त्यानं आकाशाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं. “समजा, ह्या उत्सवाचंच घ्या. समजा, माळावर कुणाचं तरी घरटं आहे.”

“कुणाचं असणार तिथं?” साळुंकीबाई म्हणाल्या. “पाणकावळ्याशिवाय विरोधात एकही पंख नव्हता.”

“दाणा, साळुंकीबाई,” मास्तर म्हणाले.

“समजा म्हणतोय ना मी! एवढंसं पाखरू. पंख उघडले असतील हो तिनं, पण गवत उंच, दिसले नाहीत कुणाला.” आता कावळ्याला रंग चढला. “तुम्ही म्हणाल, मग ओरडून सांगायचं! कशी ओरडेल? ओरडली तर अंडी कुठं आहेत ते कळणार, आणि ऐकायला कोण बसलंय शेजारी? मीच बसलोय! म्हणजे बघा हं, गप्प राहिली तर तुमच्या पायांखाली जाणार आणि बोलली तर माझ्या पोटात. तिनं दाद मागायची कुणाकडे? अंडी खात नाही आणि मोजदादीत नाही, अशा कुणाकडे तरीच ना? म्हणून कासवं!”

तो थांबला, स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यानं शेपूट हलवलं. “काय, कसं काय जमलं?”

सगळे लावरीकडे पाहत होते. तिची चोच उघडी राहिली होती. तिचा दाणा पहिल्यांदाच खाली पडला होता.

कावळ्यानं दाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग माळाकडे. त्याचं शेपूट हलायचं थांबलं.

“आजचा वर्ग इथंच थांबवू,” मास्तर म्हणाले. “उद्यासाठी प्रश्न असा. एखादी गोष्ट कळली, की मग काय?”

लावरी उडाली ती सरळ घरट्यावर आली आणि अंडी पोटाशी घेऊन बसली. सूर्य मावळायला टेकला तेव्हा समोर काळी सावली पडली. नवरा पिसं फुगवून पुढं झाला. केवढा तो, आणि केवढी त्याची पिसं!

“वहिनी,” कावळा म्हणाला, “सापडलं हो घरटं.”

“दिसतंय,” लावरी म्हणाली.

“सापडायला वेळ नाही लागला. मी ह्या कामात जुना आहे.” कावळा इकडून तिकडे चालला. “पोटात कावकाव चाललीय. खोटं कशाला बोलू? पण दुपारी मीच तोंडानं सगळं सांगून बसलो. आता खायला चोच उघडली की माझंच भाषण ऐकू येतं. काय करून ठेवलं त्या मास्तरांनी! चांगला खात-पीत होतो मी.”

“मग थव्याला सांगणार तुम्ही?” नवऱ्यानं विचारलं.

“सांगून काय होईल? माझे भाऊबंद चोची पुसत येतील.” तो लावरीकडे वळला. “आणि वहिनी, गैरसमज नको. मत माझं अजून तेच आहे. पंखांनी ठरलं ते ठरलं.”

“माझंही मत थोडं तसंच झालंय,” लावरी म्हणाली.

“अरे देवा,” कावळा म्हणाला आणि उडून गेला.

दुसऱ्या दिवसापासून साळुंकीबाई गवत उपटणाऱ्या पाखरांच्या पुढं राहू लागल्या. काम झपाझप चाललं होतं. मध्यावर एका झुबक्यापाशी त्या थबकल्या, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्याची मुळं फार खोल दिसतायत. उगीच चोची दुखवून घेऊ नका. पुढं चला.” कासवांची खबर आणायला पोपट उडून गेला होता. तो परत येऊन म्हणाला, “निघाली आहेत.” पुढं काय विचारलं तरी तो तेवढंच म्हणे, कारण त्यांनी त्याला तेवढंच सांगितलं होतं.

पौर्णिमेला पहाटेपासून पाखरं आली. चिमण्या आल्या, पारवे आले, बगळे आले, मोर चालत आले. आकाश भरून गेलं. झुबक्याभोवती भारद्वाजमास्तर, कावळा, पोपट आणि साळुंकीबाई झुबक्याकडे पाठ करून उभे होते. आत लावरी आणि तिचा नवरा दबून बसले होते.

“पुढं उतरा! जागा खूप आहे, पुढं उतरा!” कावळा ओरडत होता.

एक लठ्ठ पारवा पोपटाला म्हणाला, “का हो, तुमच्या मागं काय आहे?”

पोपट आयुष्यात पहिल्यांदाच पाठ नसलेलं बोलला. “प्रश्न छान आहे. तुम्हाला काय वाटतं?”

“मला? मला वाटतं, काहीतरी आहे.”

“असं का वाटलं असेल बरं तुम्हाला?”

पारव्यानं बराच विचार केला, त्याचं डोकं दुखू लागलं आणि तो पुढं जाऊन उतरला. त्याच्यामागून येणारे सगळे त्याच्या पलीकडे उतरले. माळ काठोकाठ भरला. साळुंकीबाईंनी डोळे पुसत म्हटलं, “शोभा आली हो!” आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या पायांशी काहीतरी कुरकुरलं.

लावरीची पिल्लं कवच फुटलं की घरट्यात बसत नाहीत, धावतच सुटतात. एक निघालं, मागून दुसरं, मग सगळीच. सुपारीएवढी, ओली, खुळी पिल्लं मास्तरांच्या पायांमधून थव्यात शिरली. लावरी ओरडली. तिचा आवाज इतका मोठा असेल हे कुणाला ठाऊक नव्हतं. कावळ्याच्या भाऊबंदांनी माना वळवल्या. कावळा त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

पिल्लं धावत होती. आधी त्या लठ्ठ पारव्याला पोटाखाली काही हुळहुळलं. त्यानं खाली पाहिलं आणि एक पाय उचलला. शेजारच्या बगळ्यानं उचलला. मोरानं उचलला. पिल्लं जातील तिकडे पाय उचलले जात होते, आणि पुढं कुठं जातील हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांनीच उचलून धरले. पार तळ्याच्या काठापर्यंत, एवढं मोठं राज्य एका पायावर तोल सावरत, डुलत, श्वास रोखून उभं राहिलं.

माळाच्या कडेला थोरलं कासव तेवढ्यात पोचलं होतं. सगळी वाट जो एक शब्द त्यानं घोकला होता, तो म्हणायला त्यानं मान वर केली. समोर पाहिलं. मग मान तशीच ठेवून, पुढं टाकायला उचललेला आपला पायही त्यानं तसाच वर धरला, कारण एक पिल्लू त्याच्याच दिशेनं धावत येत होतं.